जनावरं त्याची, देव माझे

आर्तेमिसिओन महिना, अकरावा दिवस

पुन्हा तेच! भर सभेत हेगिलोस उभा राहिला, खेकड्याची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले आणि धक्क्याच्या दुरुस्तीचा ठराव त्याच्या मनासारखा झाला. नगरप्रमुख असावा तर असा, म्हणे! बाहेर पडताना पन्नास जणांनी त्याची पाठ थोपटली. गोष्ट लिहिणारा मी दाराशी उभा. माझ्याकडे कुणी पाहिलंच असेल तर पायाकडे. डावा पाय जन्मापासून आत वळलेला. छप्पन्न वर्षं झाली, गावाची नजर अजून त्यावरून हटत नाही.

मिक्कोस पंतोजी. सकाळी पोरांकडून अक्षरं गिरवून घ्यायची आणि दुपारी मोठ्या माणसाला शहाणपण पुरवायचं. हेगिलोसच्या गड्याने तेलाचा बुधला आणून दारात ठेवला. बायको, मेलिन्ना, म्हणाली, "घ्या. तुमचा जयजयकार आला." हिच्या जिभेला हाड म्हणून नाहीच.

आर्तेमिसिओन, बारावा

काल राग होता म्हणून नीट लिहिलं नाही. आज लिहितो. ह्या कागदाच्या एका बाजूला पोरांचे जुने धडे आहेत, दुसरी बाजू माझी. इथे तरी खरं लिहावं.

काम असं चालतं. मी मेणाच्या पाटीवर गोष्ट लिहितो. अगदी शेवटची ओळ, बोधाची, लिहीत नाही. तेवढी जागा मोकळी सोडतो. सभेच्या दिवशी वारा कुठून वाहतोय ते हेगिलोस बघतो आणि ती ओळ आपली आपण घालतो. माझ्या एकाच गाढवाने दोन वर्षांपूर्वी लढाईच्या बाजूने मत दिलं आणि गेल्या वर्षी तहाच्या! गाढव तेच, शब्द तेच. मला त्याचा अभिमान वाटायचा. बोध काय, कुणीही लावेल. गोष्ट लिहायला अक्कल लागते.

तर — खरं. खेकडा माझा नव्हे. खेकडा तिबिओसचा.

तिबिओस बंदरावर जाळी विणतो, फाटकी सांधतो. काळ्या समुद्राकडून गुलाम म्हणून आला, म्हाताऱ्या धन्याने मरताना मोकळा केला, इथेच राहिला. अर्ध्या चेहऱ्यावर जांभळा डाग आहे, कपाळापासून हनुवटीपर्यंत. सुई चालते तसं त्याचं तोंड चालतं. कोल्हा, बगळा, उंदीर, टोळ — कुठून आणतो कोण जाणे. त्याच्या गोष्टीत नुसती जनावरं. देव एकही नाही. देव मी घालतो.

घालावाच लागतो! नुसता खेकडा सभेत नेला तर लोक भाव विचारतील. खेकडा झ्यूसच्या पायरीशी जाऊन सरळ चालण्याचं वरदान मागू लागला की सगळे गप्प. देवळातला झ्यूस वीज टाकतो. माझा झ्यूस झोपमोड झाली म्हणून करवादतो, हर्मीसला हाका मारतो, बायकोला भितो. लोकांना तो आवडतो. घरातल्या थोरल्या माणसासारखा वाटतो ना.

तिबिओसला हे माहीत आहे. एकदा म्हणाला, "जनावरं माझी, देव तुमचे. चांगली वाटणी आहे, पंतोजी. तेलाची वाटणी तेवढी राहिली." आणि हसला. मीही हसलो. तेल काही दिलं नाही.

आर्तेमिसिओन, एकोणिसावा

मासळीबाजारात आज एक बाई मोठ्याने म्हणाली, "खेकड्याची गोष्ट पंतोजींची? अहो, ती तिबिओसची! ह्यांनी देव चिकटवला फक्त." आजूबाजूचे खिदळले. मी बांगडे न घेताच घरी आलो. मेलिन्नाने विचारलं, मासे कुठेत? मी पाटी आपटली.

चिकटवला, म्हणे! इतकं सोपं असतं तर त्यानेच का नाही चिकटवला?

आर्तेमिसिओन, अठ्ठाविसावा

तापाने आणखी दोन पोरं गेली. हिवाळ्यात माझ्यासमोर सतरा बसायची. आज नऊ होती. लिसिसची जागा रिकामी ठेवली आहे. त्याची आई अजून सकाळी त्याचा डबा भरते, असं मेलिन्ना सांगत होती.

अपोलोच्या पुजाऱ्याने जाहीर केलं की यंदा हद्दपारी खरी होणार.

दर साल थार्गेलियाच्या सणाआधी गाव एका माणसाला काढून देतं. गावाची सगळी पापं, रोगराई त्याच्या डोक्यावर. महिनाभर त्याला गावाच्या खर्चाने चीज, सातूची भाकरी, अंजीर. मग थार्गेलिओनच्या सहाव्या दिवशी गळ्यात अंजिरांची माळ, रानकांद्याच्या दांड्यांचे सात फटके, आणि वेशीबाहेर. गेली बारा वर्षं म्हातारा कोत्तोस आपण होऊन जायचा. चार घोट पोटात असायचे, फटके बसले की नाचून दाखवायचा! आठ दिवसांनी ओढ्याच्या वाटेने परत यायचा. सगळ्यांना माहीत असायचं आणि त्या बाजूला कुणी बघायचं नाही. पुजारी म्हणतो, देवाला फसवलं, म्हणून ताप आला. यंदा वेशीपलीकडे दगड. परत येणं नाही.

कोत्तोस थंडीत वारला. सुटला.

माणूस देहात खोट असलेला हवा, असंही पुजारी म्हणाला. घरी येताना मी पाय शक्य तेवढा सरळ टाकत होतो. स्वतःचीच किळस आली.

तौरेओन महिना, तिसरा दिवस

दोन नावं गावात फिरताहेत. तिबिओसचं आणि माझं.

कुणी तोंडावर बोलत नाही. पण आज एका पोराच्या बापाने विचारलं, "पंतोजी, पाय जन्मापासूनच ना?" अगदी मायेने विचारलं. जसं बाजारात गाढवाचे दात बघतात.

तौरेओन, पाचवा

बंदरावर गेलो. तिबिओस माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसा. आज आपण दोघं एकाच भावाचे." मग त्याने मधमाश्यांची गोष्ट सांगितली. त्याच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत ही सगळ्यात चांगली. लिहून ठेवतो.

एका पोळ्यातला मध कडू झाला. माश्या म्हणाल्या, आपल्यातलीच कुणीतरी वाईट आहे. एका पंखाची होती ती बाहेर टाकली. मध कडूच. मग काळपट होती ती टाकली. मग म्हातारी. मग गप्प बसणारी. मग फार बोलणारी. रोज एक. शेवटी एकटी उरली. तिने चाखून पाहिला — कडू. ती फुलं शोधायला बाहेर पडली तेव्हा तिला दिसलं की सगळ्या जणी वर्षभर कण्हेरीवरच बसत होत्या.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? पोळं रिकामं. अस्वल आलं असेल. अस्वलाला कडू-गोड कळत नाही." सुई दाताखाली धरून तो म्हणाला, "ह्यात घाला तुमचा झ्यूस आणि द्या त्या हेगिलोसच्या तोंडी. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू! दहा वर्षं मी त्याच्या गोष्टी उचलतोय आणि हा मला आणखी एक देतोय, तीही दोघांसाठी.

तौरेओन, सहावा

झ्यूस घातला. माश्या ऑलिम्पसवर गाऱ्हाणं घेऊन जातात. झ्यूस जेवायला बसलेला. तो म्हणतो, मध मी बिघडवला नाही, मला विचारून फुलावर बसता का? त्या ऐकतात कुठे! परत येतात आणि एकीला बाहेर टाकतात. छान जमलं. इतकं छान मला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. देव आणि जनावर एका वाक्यात असे बसले की सांधा दिसत नाही.

हेगिलोस वाड्यातच भेटला. म्हणाला, "पंतोजी, लोक घाबरलेत. घाबरलेल्या लोकांना गोष्ट लांब नको. परवा आणून द्या." त्याच्या मनात काय आहे विचारलं, तर म्हणाला, "माझ्या मनात गाव आहे." लबाड!

तौरेओन, आठवा

पाटी पोचवली. शेवटची जागा मोकळी सोडली, नेहमीसारखी.

डोकं दुखतंय. मेलिन्ना दुपारपासून बोलत नाही. कशाचं तरी बिनसलं असेल.

तौरेओन, नववा

त्याने शेवट बदलला!

सभा खचाखच भरलेली. हेगिलोस उठला. झ्यूसपर्यंत सगळं माझं होतं, शब्दन्‌शब्द. मग माश्यांनी एकीला बाहेर टाकलं आणि — मध गोड झाला, म्हणे! तिथेच संपवली. काळपट नाही, म्हातारी नाही, कण्हेरीचं तर नावच नाही! आणि मोकळ्या जागेत काय घातलं? "झ्यूस म्हणाला, जी माशी या पोळ्यात जन्मली नाही, तिच्यापासून सुरुवात करा."

मग सगळ्यांची तोंडं एकदम मागे वळली. तिथे खांबाला टेकून तिबिओस उभा होता. हात वर झाले. मोजायचीही गरज पडली नाही.

आपली गोष्ट आपल्याच गळ्याभोवती आलेली ऐकणारा माणूस कसा दिसतो ते मी आज पाहिलं. ओरडला नाही. कान देऊन ऐकत होता, पुढे आणखी काही आहे का म्हणून.

हेगिलोस, तुझ्या जिभेला किडे पडोत!

तौरेओन, दहावा

हेगिलोस रस्त्यात भेटला. जाब विचारायचा म्हणून मी थांबलो. त्याने माझा खांदा दाबला आणि हसून म्हणाला, "पंतोजी, यंदा मला कामच ठेवलं नाहीत." असा निर्लज्ज माणूस! मी घराकडे वळलो. चार लोक होते.

दोन बुधले आले तेलाचे. मेलिन्नाने ते दारातच ठेवलेत. येणाऱ्याजाणाऱ्याला ओलांडावे लागतात.

तौरेओन, चौदावा

तिबिओसला भेटून आलो. नगरसभेच्या मागच्या खोलीत ठेवलाय. दार उघडंच असतं. राखण नाही. जाणार कुठे?

"बसा पंतोजी. चीज घ्या. गावाचं आहे, म्हणजे तुमचंच."

मी म्हटलं, भूक नाही.

"मला तरी कुठे आहे? पण थांबलो तर वाढपी रागावतो. म्हणतो, खा, सणाला अंगाने भरलेला दिसला पाहिजेस." मग बोट चाटत म्हणाला, "शेवट कुणी फिरवला?"

"हेगिलोसने."

"हं." आणखी एक अंजीर उचललं. "असो. आठ दिवसांचा तर प्रश्न. कोत्तोस यायचा ना ओढ्याकडून? मीही येतो. धक्क्यावर एका म्हाताऱ्या कोळ्याचं मोठं जाळं अर्धं राहिलंय, कुणाला हात लावू देऊ नका. बाकीचे गाठ चुकीची मारतात."

त्याला कुणी सांगितलंच नाही! पुजाऱ्याने देवळात जाहीर केलं, बंदरावरची माणसं देवळात कुठे येतात! खोट असलेला माणूस हवा एवढंच त्याच्या कानावर गेलं, दगडांचं नाही. त्याला वाटतंय की यंदाही नाटकच. सात फटके, थोडी फजिती, आणि मागच्या वाटेने घर.

मी सांगायला तोंड उघडलं. म्हणालो, "जाळ्याचं बघतो."

तौरेओन, एकविसावा

ताप आणखी एका घरात. आठ पोरं.

तौरेओन, एकोणतिसावा

कुणीतरी त्याला सांगितलं. वाढपीच असेल. त्याने माझ्याकडे निरोप धाडला, की एक गोष्ट सांगायची राहिली.

गेलो. ताटाला हात लावलेला नव्हता. खाली वाकून तो जमिनीवर बोटाने जाळ्याचे चौकोन काढत होता. मला बघून म्हणाला, "यंदा देव मीच घातलाय. तुमचे कष्ट वाचवले." आणि सांगू लागला.

हर्मीसच्या मेंढवाड्यावर दोन कुत्रे होते. एक लंगडा, एक डागाळलेला. हर्मीस बाहेरगावी गेला. लांडगा कुंपणाशी येऊन म्हणाला, मेंढरं नकोत, तुमच्यातला एक द्या. डागाळलेला लंगड्याला म्हणाला, आपण दोघं मिळून भुंकू.

तो थांबला. मी विचारलं, मग?

"मग तुम्ही. शेवटची ओळ तुम्ही लिहा. तुम्हाला सवय आहे."

"कसली सवय?" मी ओरडलोच. "मी जागा मोकळी सोडतो! साऱ्या गावाला माहीत आहे!"

"हो, हो," तो म्हणाला. आजारी माणसाला म्हणावं तसं. "बरं, या आता. तुमचा पाय दुखेल, इतका वेळ उभे आहात."

घरी येईपर्यंत मी मनात त्याला शिव्या देत होतो. मरणाच्या दारात उभा आहे आणि टोमणे मारतो! दया करायला गेलो त्याचं हे फळ. निदान माझ्या तोंडावर तरी काही म्हणायला नको होतं.

थार्गेलिओन महिना, सहावा दिवस

झालं.

पंतोजी म्हणून मला पुढे राहावं लागलं. आठ पोरं अंजिराच्या फांद्या घेऊन, मागे बासरीवाला, मागे सगळं गाव. तिबिओसच्या गळ्यात माळा. अंग धुतलेलं, नवी वस्त्रं. सात फटके मोजून मारले. मोजणीही पोरांकडून करवून घेतली, म्हणजे मीच करवून घेतली. वर्गात घेतो तशी — एक, दोन, तीन. तिसऱ्याला तो म्हणाला, "जरा हळू म्हणा रे, पोरांनो, चुकेल." काही पोरं हसली.

वेशीपाशी पुजाऱ्याने त्याला पुढे ढकललं. तो चालू लागला. पळेल असं वाटलं होतं. पळाला नाही. ओढ्याच्या वाटेकडे वळला, जिथून कोत्तोस परत यायचा. तिथेही माणसं उभी होती. हातांत दगड.

मासळीबाजारातली ती बाईही होती. तिच्याही हातात होता.

मी दगड मारला नाही. उचलला होता. खाली ठेवला की टाकला, आता आठवत नाही. पोरांना घेऊन मी परत फिरलो आणि मोठ्याने गाणं म्हणायला लावलं, म्हणजे मागचं काही ऐकू येऊ नये.

थार्गेलिओन, सातवा

सण. नव्या धान्याची भाकरी. अपोलोचा जयजयकार. सगळं गाव हलकं झालंय, लोक एकमेकांना मिठ्या मारताहेत. एकाने मलाही मारली. म्हणाला, "सुटलो, पंतोजी!"

थार्गेलिओन, बारावा

ताप गेलेला नाही. काल हेगिलोसच्या भावाचा मुलगा गेला.

हेगिलोस स्वतः घरी आला, पहिल्यांदाच. डोळे सुजलेले. बसला नाही. "लोक विचारायला लागतील, पंतोजी. मध अजून कडूच आहे. काहीतरी लिहा. देव असू दे त्यात, मोठा देव." आणि जाताना त्याचीही नजर माझ्या पायावर गेली. मुद्दाम नाही. जातेच ती.

पाटी घेऊन बसलो. काही सुचेना. जनावरं घडवायला प्रोमिथ्यूस माती मळतोय इथपर्यंत आलं. मातीतून बाहेर काय पडावं? कोल्हा? ससा? एक जनावर उठून चालेना. माझ्याकडे झ्यूस आहे, हर्मीस आहे, सगळा ऑलिम्पस आहे, आणि सगळे रिकामे बसलेत. करण्यासारखं त्यांना काही नाही.

मेलिन्ना महिनाभराने आज बोलली. चुलीपाशी पाठ करून बसली होती. म्हणाली, "आता कुणाची आणणार?"

थार्गेलिओन, अठरावा

हेगिलोसने काहीही बदललं नाही. पाटीवर होतं तसंच त्याने म्हटलं. कण्हेर मी पुसली. शेवटची ओळ मी लिहिली, सभेच्या आदल्या दुपारी. मेलिन्ना समोर बसून बघत होती.